बाबांचा कान आणि माझी हार्ड डिस्क

आमच्या घरात कुठलीही वस्तू शिरायची ती बाबांच्या कानाची परवानगी घेऊनच. नुसतं डोळ्यांनी पाहून खरेदी करणारी माणसं बाबांच्या लेखी भोळसट. माठ घ्यायचा तर टिचकी मारून, नारळ घ्यायचा तर कानाशी हलवून, पंखा घ्यायचा तर दुकानदाराला तो तिथंच सुरू करायला लावून, डोळे मिटून, मान तिरकी करून. उन्हाळ्यात आमच्या जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेच्या वाळूतली टरबुजं घेऊन बसणारी मंडळी बाबांना लांबूनच ओळखायची आणि “आ गए ठोकने वाले साहब” म्हणून आपसात हसायची. बाबा ढिगातलं एकेक टरबूज उचलून डॉक्टरनं छाती तपासावी तसं ठोकून बघायचे, आणि घरी आणून कापलं की ते लालभडक निघायचं. आईला पाहायला बाबा भंडाऱ्याला गेले होते तेव्हा तिनं चहा आणला, तर यांनी आधी कपबशीला टिचकी मारली म्हणे. “मी म्हटलं, आता हा माणूस माह्या डोक्यावर टिचकी मारते का काय,” आई सांगायची. “मारली असती तर बरं झालं असतं, तेव्हाच समजलं असतं,” असं बाबा म्हणायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत आई त्यांच्याशी बोलायची नाही.

यात बाबांचा दोष नव्हता. त्यांची नोकरीच तसली. ते फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. लष्कराच्या गाड्यांना लागणारे ओतीव लोखंडाचे भाग त्यांच्यापुढे यायचे आणि बाबा छोट्या पितळी हातोडीनं प्रत्येकावर एक हलकासा ठोका द्यायचे. खणखणीत वाजला तर पास. ठस्स वाजला तर आत कुठंतरी तडा आहे, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. नंतर मशिनी आल्या, पण मशिनीनं पास केलेला तुकडाही मोठे साहेब हळूच बाबांकडे पाठवायचे असं बाबा सांगायचे, आणि आम्ही ते खरं मानायचो. त्यांच्या खात्यात एक गमतीची रीत होती. नवा माणूस आला की बाबा मुद्दाम एक फुटका तुकडा त्याच्यासमोर वाजवायचे, समाधानानं मान डोलवायचे आणि म्हणायचे, “पास.” नवा माणूस धीर करून “साहेब, हा तर फुटका वाटतो” म्हणाला, तर बाबा त्याला कँटीनमध्ये नेऊन समोसे खाऊ घालायचे. साहेबांनी म्हटलं म्हणजे बरोबरच असणार, असं समजून गप्प बसला, तर तो गेला लोखंड उचलायला. आमच्या गल्लीतले दुबेजी बाबांच्या हाताखाली आले तेव्हा पहिल्या दिवशी गप्प बसले होते. नंतर ते हुशार झाले, बाबांच्या खालोखाल त्यांचंच नाव घेतलं जायचं, पण त्या दिवसाची आठवण काढून बाबा त्यांना दर होळीला छळायचे.

आणि आता खरी गोष्ट सांगते. मी बारावीला होते त्या सुमारास बाबांचा कान गेला होता. एकदम नाही, हळूहळू, इतक्या वर्षांच्या खणखणाटानं झिजत झिजत. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. बाबांना माहीत होतं की नाही, एवढंच कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती कुणाची नव्हती. फॅक्टरीत आधी मशिनीच तपासायच्या, त्यामुळे तिथं आणि दुबेजींना अजून पत्ता लागला नव्हता. मदन महल स्टेशन आमच्या घराच्या इतकं जवळ की गाडी गेली की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. पूर्वी बाबा नुसत्या भोंग्यावरून सांगायचे, मालगाडी की एक्सप्रेस. आता ते पेल्यातल्या पाण्याकडे बघायचे. पाणी थरथरलं की पेपर खाली न करता म्हणायचे, “मालगाडी.” समोरून एक्सप्रेस धडधडत निघून जायची आणि आई म्हणायची, “हो ना, मालगाडीच.” कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवणं हे बाबांचं जुनं काम. ते कुकरशेजारी स्टूल घेऊन बसायचे, कुकर बिचारा बोंबलून बोंबलून थकायचा, आणि आई काहीतरी घ्यायला आल्यासारखं करून गॅस बंद करायची. तरी कितीदा तरी वरणाची पेज झाली. ती आम्ही पोळीसोबत खाल्ली आणि “आज वरण मस्त मिळून आलं” म्हटलं.

खोटं कशाला बोलू, आमची त्यात सोयही होती. आई दिवसभर स्वयंपाकघरातून बाबांना मनसोक्त बोलायची. लग्नापासूनचं सगळं साठलेलं ती पाटवड्या थापता थापता, गोळाभात वाढता वाढता बाहेर काढायची, अगदी साध्या आवाजात, आणि बाबा ओसरीवर शांतपणे शब्दकोडं सोडवत असायचे. मी तर त्यांच्या पाठीमागं बसून मैत्रिणींशी फोनवर काय वाट्टेल ते बोलायची. पण मधेच आईचा हात थांबायचा. “फॅक्टरीत समजलं ना,” ती म्हणायची, “तर तपासणीतून काढून स्टोअरात बसवतील. खिळे मोजत. हा माणूस मरून जाईन ग.” ते खरं होतं. बाबांना कुणी खालच्या खुर्चीवर बसवलं असतं तर चाललं असतं, पण हातातली हातोडी काढून घेतली असती तर ते खचलेच असते. म्हणून आम्ही दोघी त्यांचे कान झालो होतो, त्यांना न सांगता.

अशा घरात मला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता. कॉलेजच्या अभ्यासासाठी, असं मी म्हणायची आणि सगळे हो म्हणायचे, पण त्या “हो”मध्येच हसू असायचं. आमचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी वेणी घालून यायची. आम्ही चार मैत्रिणी मिळून ऑनलाइन लढाया खेळायचो. मैदान उघडेपर्यंत माझ्या पडद्यावर ती पट्टी मुंगीसारखी सरकत राहायची, आणि मी आत पोचेपर्यंत बाकीच्या तिघी मरून पुन्हा जिवंत झालेल्या असायच्या. “रेणू, तू लढायला येते का मयतीला?” असं त्यातली एक म्हणाली ते मला फार लागलं. बारावीचा निकाल चांगला लागला, बाबांनी शब्द दिला होता तो पाळायचं ठरवलं, आणि मी नेटवर वाचून वाचून सगळे भाग पक्के केले. गाडं अडलं ते साठवणीवर. मला हवी होती एक छोटी एसएसडी, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण त्याहून पातळ डबी, जिच्यात काहीच फिरत नाही आणि म्हणून गेम चुटकीसरशी उघडतो, आणि तिच्या जोडीला एक मोठी हार्ड डिस्क, जिच्यात तबकडी गरगर फिरते आणि जी हळू असते पण पोटात खूप ठेवते.

“काहीच नाही फिरत?” बाबांनी विचारलं. मी समोर जाऊन, ओठ नीट हलवत बोलत होते, ती आमची सवयच झाली होती. “काहीच नाही.” “मग चालते कशी?” “विजेवर.” “आवाज?” “आवाज येतच नाही बाबा, तीच तर मजा आहे.” बाबांनी पेन खाली ठेवलं. “ज्याले आवाज नाही त्याची तपासणी कशी करायची? मी आवाज नसलेली वस्तू पास करत नाही. हार्ड डिस्क घे. मी कानानं पाहीन, चांगली असली तर घेऊ. नाही तर कॉम्प्युटरच नको.” आई चण्याची डाळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, “काहून अडून राहिले हो? पोरीचं बरोबर आहे. तिखट-मीठ ओट्यावर लागते आणि वर्षाचे गहू कोठीत. कोठीतून चिमूट चिमूट मीठ काढत बसते का कोणी?” मी आईकडे बघतच राहिले. नेटवरच्या एवढ्या भांडणांत इतकं सरळ कुणी लिहिलं नव्हतं. पण ती पाठमोरी बोलली होती, त्यामुळे बाबांपर्यंत त्यातलं काहीच गेलं नाही. ते म्हणाले, “तुझी आईही तेच म्हणून राहिली ना?” मी म्हटलं, “आई उलटंच म्हणते आहे बाबा.” “मग तर नाहीच,” बाबा म्हणाले.

आजकाल माझ्या भाचरांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. त्यांच्या हातातल्या फोनमध्येच आमच्या तेव्हाच्या सगळ्या घराची साठवण मावेल. पण आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. आणि त्यातच शनिवारी दुबेजी आले. हातात कढीपत्ता, त्यांच्या अंगणातला. “भाऊसाहब, सुना बिटिया का कंप्यूटर आ रहा है? अरे अपने मोनू की दुकान है, मेरा सगा भतीजा! कल चलिए, मैं साथ चलता हूँ।” बाबा प्रसन्न झाले. त्यांना दुबेजींचे ओठ वाचता यायचे, इतक्या वर्षांचा शेजार. “चलो,” ते म्हणाले, “तुम भी देख लेना, जाँच कैसे होती है।” आईच्या हातातला कढीपत्ता हातातच राहिला.

दुबेजी गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “आता काय करशील? तो दुबे मागंच उभा राहीन. हे डोळे मिटून ऐकतील, आणि काहीच्या बाही बोलतील. सोमवारी अख्ख्या फॅक्टरीत होईन.” दुबेजी वाईट नव्हते हो, पण बाबांच्या खुर्चीकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते मलाही दिसायचं. शिवाय त्यांच्या पोटात काही राहत नसे. मी म्हटलं, “मग जाऊच नको म्हणू का? म्हणते मला कॉम्प्युटर नको.” खरं तर मला तो हवा होता, फार हवा होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. “नको म्हटलं तर काहून म्हणून विचारतील. तू जा. बाजूला उभी राहा. काही झालं तर सांभाळ. खोटं बोलायला तुले शिकवावं लागते का?” ही माझ्या आईनं मला दिलेली सर्वांत मोठी शाबासकी होती.

मोनू भैयाचं दुकान सिविल लाइंस ओलांडून बाजाराकडे वळलं की एका जिन्याखाली होतं. आत तारांचं जंगल आणि एक पंखा, जो नुसता मान हलवायचा. मोनू भैयानं “नमस्ते अंकल जी” म्हणून स्टूल पुसून दिलं. बाबांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. हार्ड डिस्क कॉम्प्युटरच्या खोक्यात घालायच्या आधी उघड्याच चालवून दाखवायच्या. “मी ऐकणार,” ते म्हणाले. मोनूनं दुबेजींकडे पाहिलं. दुबेजी छाती फुगवून म्हणाले, “अरे दिखा दे। ये वो कान हैं जिनसे लोहा डरता है।” मग मोनूनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तारा जोडल्या आणि एकेक डिस्क सुरू करायला लागला. पहिली बारीक गुणगुणली. बाबांनी कान टेबलाजवळ नेला, डोळे मिटले, आणि मान हलवली, “ठीक आहे, पण नाही.” दुसरी सुरू झाली, तीही चांगलीच होती. बाबा म्हणाले, “हूं.” मी मनातल्या मनात म्हणत होते, हीच घ्या बाबा, हीच पास करा, आणि चला. पण बाबांना आज दुबेजींना काहीतरी दाखवायचं होतं.

तिसरी डिस्क मोनूनं लावली आणि ती बोंबलली. दुसरा शब्दच नाही. आधी घर्र झालं, मग कट्, कट्, कट्, जणू आत कुणी सुपारी कातरतंय. मोनूचा हात तार उपटायला पुढं झाला, “अरे, ये तो गई…” पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर असं समाधान की देवळातल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसावं. कट्, कट्, घर्र, कट्. जिन्यावरून उतरणारा एक माणूस वाकून आत बघून गेला. बाबांनी डोळे उघडले. “ही,” ते म्हणाले, “हिच्यासारखी शांत एकही नाही. पास.”

डिस्क कटकटतच होती. मोनू तोंड उघडं टाकून उभा. दुबेजींच्या भुवया हळूहळू वर चढल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत ते आलं, आधी नवल, मग हिशोब. ते एक पाऊल पुढं आले आणि अगदी हळू, मवाळ आवाजात म्हणाले, “सर… आपको इसमें से कोई आवाज नहीं आ रही?” आणि हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती. ओठ दिसणार नाहीत अशी. मुद्दाम घातली होती की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, काहीच न समजल्यासारखे.

मी टाळी वाजवली. जोरात. का वाजवली माहीत नाही, सुचलं म्हणून वाजवली. “पकडलं!” मी ओरडले, बाबांच्या अगदी समोर जाऊन, मोठ्ठे ओठ करून. “बाबा, मी पकडलं! ही खराब आहे! ही डिस्क फुटकी आहे, तुम्ही मुद्दाम पास म्हणालात! मला बघून राहिले ना, मी बोलते का गप्प बसते? आता समोसे खाऊ घाला!” आणि दुबेजींकडे वळून म्हटलं, “अंकल, बाबा ने सोचा मैं चुप रह जाऊँगी। आप तो रह गए थे ना?”

मग दुबेजींचा चेहरा बदलला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. “हे भगवान! सर! मेरे साथ भी यही किया था! वही आँख बंद, वही मुंडी हिलाना! अरे मोनू, पूरी बरसात लोहा ढुलवाया इन्होंने मुझसे!” ते हसता हसता स्टुलावर बसले. आपण पुन्हा फसता फसता वाचलो, याचाच त्यांना आनंद झाला असावा. मोनूही हसायला लागला. बाबा मात्र माझ्याकडे बघत होते. टेबलावरच्या डिस्ककडे त्यांनी एकदा पाहिलं, मग त्यांनी आपलं बोट तिच्या पाठीवर ठेवलं. तिचे हिसके त्यांना बोटाला कळले असणार. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. मग त्यांनी बोट उचललं, घसा खाकरला आणि साहेबी आवाजात म्हणाले, “शाब्बास. पास. डिस्क नाही, पोरगी.”

मी वाट पाहिली नाही. मोनूला एसएसडी मागितली, तिला तारा जोडायला लावल्या आणि बाबांच्या हातात दिली. “आता ही बघा.” बाबांनी ती कानाशी नेली. मग मला विचारलं, “तुले काय ऐकू येते?” मी कानाशी धरली. “काहीच नाही.” त्यांनी दुबेजींना दिली. दुबेजींनी आधी उजव्या कानाला लावली, मग डाव्या. “कुछ नहीं, सर।” मोनूनं लावली. “अंकल जी, इसमें आवाज होती ही नहीं, किसी को नहीं आती।” बाबांनी ती परत घेतली आणि पुन्हा कानाशी धरली, चांगला बराच वेळ, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “कोणालेच नाही?” त्यांनी विचारलं. “कोणालाच नाही, बाबा.” “मग पास,” बाबा म्हणाले. जोडीची हार्ड डिस्क त्यांनी मला निवडायला सांगितली. मी पहिलीच घेतली, गुणगुणणारी.

दुबेजी मोनूकडेच थांबले. बाबांनी स्कूटर घराकडे न नेता एका हलवायापुढं उभी केली आणि खोव्याची जिलबी मागवली. ती जबलपूरची काळपट, जाडजूड जिलबी, पाकात न्हालेली. बाबांनी तिला हातही लावला नाही. “वाजत होती ना ती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “थोडीशी.” “रेणू.” “हो बाबा. वाजत होती.” “लय?” “रस्त्यावर ऐकू जात होती.” ते पानांचा दोना हातात फिरवत राहिले. “तुम्ही लोकं कधीपासून सांभाळून राहिले मले?” मी माझी जिलबी दोन्यात इकडून तिकडे सरकवत राहिले. मग ते म्हणाले, “मले भीती वाटते, बेटा. मले वाटे, थोडं कमी येते, पण खणखणीत आणि ठस्स यातला फरक तर समजते. आज समजलं, तेही नाही समजत.” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, कुणालाच कळलं नाही, दुबेजींनाही नाही, आम्ही कळू देणार नाही. त्यांनी माझा हात थोपटला आणि सोडवून घेतला. “तुझी डिस्क फुटली तर तुझा गेम जाईल. मी पास केलेला तुकडा फुटला तर त्या गाडीत कोणाचं तरी पोरगं बसून असते.” मग त्यांनी जिलबी खाल्ली, माझ्याही वाटणीची.

सोमवारी कुणी काही विचारायच्या आत बाबा स्वतःच मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझा कान गेला आहे, अलीकडे मी जे जे पास केलं ते परत काढून तपासा. ते तपासलं गेलं. देवाची दया, त्यात एकही फुटका निघाला नाही. तरी बाबा त्या सगळ्या दिवसांत नीट जेवले नाहीत. त्यांना स्टोअरात बसवलं, अगदी आई म्हणाली होती तसं. त्यांची जागा दुबेजींना मिळाली, आणि ते पेढ्यांचा डबा घेऊन आले तेव्हा दारातच रडायला लागले. बाबा त्यांना म्हणाले, “पहले दिन चुप बैठे थे। अब मत बैठना।” मला वाटलं होतं बाबा खचतील. ते खचले नाहीत. स्टोअरातले खिळे त्यांनी इतक्या प्रकारे लावून ठेवले की लोक बघायला यायचे. पण माझ्याशी ते कित्येक दिवस थोडं जपून बोलायचे, मी मोठी झाल्यासारखं, आणि ते मला फार जड जायचं.

नंतर कानाचं यंत्र आलं. तोपर्यंत माझा कॉम्प्युटर ओसरीच्या कोपऱ्यात मांडून झाला होता, गेम चुटकीसरशी उघडत होता आणि मी सगळ्यांच्या आधी मैदानात जाऊन उभी राहत होते. यंत्र लावून बाबा पहिल्यांदा आपल्या खुर्चीत बसले तेव्हा मी खेळतच होते. एका मैत्रिणीनं मला भिंतीमागून मारलं आणि मी रोजच्यासारखी तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. “ही भाषा कुठं शिकली?” मागून आवाज आला. मी अशी दचकले की माऊस टेबलावरून खाली. बाबा पेपरात डोकं घालून बसले होते.

आईला मात्र यंत्राची आठवणच राहिली नाही. सवय एका दिवसात जाते होय? ती कणिक मळत होती आणि तिचं नेहमीचं सुरू झालं, नेहमीच्याच साध्या आवाजात. “आता रिटायर झाले का दिवसभर माह्याच डोक्यावर बसतील. हे ठोक, ते वाजव. देवा, त्याच्या आधी मले उचल रे बाबा.”

“आधी चहा ठेव,” बाबा पेपर उलटत म्हणाले, “मग जा.”

आत काहीतरी खाली पडलं. आई दारात आली, दोन्ही हातांना कणिक, डोळे हे एवढे मोठे. ती तिथंच उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून, अगदी ओठांतल्या ओठांत, काहीतरी पुटपुटली. मी जवळ असून मला ऐकू आलं नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला. “मीही,” ते म्हणाले. आईनं कणकेच्या हातांनीच तोंड झाकलं आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. ती काय म्हणाली होती ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मी खेळ तसाच सोडून चहा ठेवायला गेले.